बाजाराला गाव नसते काय?

आपल्या धर्मग्रामांतील गुणगौरव समारंभांत अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘बाजाराला गाव नसते.’ मूल वसईच्या वाडीतले असो वा लंडनचे, अंगी बुद्धी आणि जिभेवर इंग्रजी असली की जागतिक वित्तबाजाराची दारे त्याला सारखीच उघडी, असा त्याचा आशय. बोलणारे सद्भावनेने बोलतात. परदेशी बँकांत लागलेल्या तरुणांची नावे मीही वेदीवरून अभिमानाने वाचली आहेत. तरीही हे वाक्य असत्य आहे आणि ते आपण मुलांच्या मनावर बिंबवता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजाराला गाव असते. राष्ट्रीय शेअर बाजार आणि सेबी यांची मुख्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. न्यूयॉर्क-लंडनच्या बँकांचे हिशेब रात्रभर जुळवणाऱ्या कचेऱ्या पवई, गोरेगाव, मालाड येथे आहेत. आपला मुलगा तेथे पोहोचतो तो केवळ बुद्धीच्या बळावर नव्हे. 1867 साली विरारहून मुंबईकडे पहिली गाडी सुटली, आणि धर्मगुरू-धर्मभगिनींनी गावोगाव शाळा काढल्या, म्हणून तो पोहोचतो. आपल्याच पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात आजही रेल्वे नाही. तेथील वारली वा कातकरी मुलाला देवाने बुद्धी कमी दिली असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

गेल्या नाताळात एका जागतिक बँकेत काम करणारा एक तरुण भेटायला आला होता. सिंगापूरचा बाजार किती वाजता उघडतो, हे त्याला तोंडपाठ. बोलता बोलता मी मोखाड्याचा उल्लेख केला. ‘ते घाटावर येतं ना, फादर?’ त्याने निरागसपणे विचारले. दोष त्याचा नाही. आम्हीच त्याला तो रस्ता कधी दाखवला नाही.

आणि तरीही त्या डोंगराळ मुलखाशी त्याचा संबंध रोजचा आहे. मुंबईतील त्याच्या कचेरीच्या नळाला येणाऱ्या पाण्यात वैतरणेचे पाणी असते. त्याच वैतरणेच्या खोऱ्यातील मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहतात. वसईतील इमारतींना येणारे सूर्या प्रकल्पाचे पाणी मुळात डहाणू-पालघरकडील शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी योजलेले होते. एके काळी आपल्या विहिरींचा उपसा करणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीबरोबर आपण लढलो. आज दुसऱ्याच्या ओंजळीतले पाणी आपल्या टाक्यांत पडते, तेव्हा मात्र आपण गप्प आहोत.

प्रादेशिक असमतोल म्हटला की आपल्याला विदर्भ-मराठवाडा आठवतो. प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 साली राज्याचा अनुशेष 3,186 कोटी रुपयांहून अधिक काढला, तो जिल्हा हे एकक धरून. पण जिल्ह्याची सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा हा भाग ज्या ठाणे जिल्ह्यात होता तो राज्यातील औद्योगिकदृष्ट्या पुढारलेल्या जिल्ह्यांत गणला जात होता. कारखान्यांच्या उत्पन्नाने सरासरी फुगली. बालकांचे पोट रिकामेच राहिले. 2014 साली पालघर वेगळा जिल्हा झाला, तरी त्याच्या सरासरीत एका टोकाला वसई-विरार आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा आहेच.

पैशाची चालही पाण्यासारखीच, मात्र उताराच्या उलट. ग्रामीण शाखेत जमलेल्या ठेवींतून किती कर्ज त्याच भागात दिले, यास ठेव-कर्ज प्रमाण म्हणतात. ग्रामीण व निमशहरी शाखांत ते साठ टक्के असावे, असे रिझर्व्ह बँकेने सरकारी बँकांना सांगून ठेवले आहे. हे सांगावे लागते यातच सारे आले. खेड्यातील ठेव शहरातील उद्योगाला वाट काढून देते, आणि ठेवीदाराचा मुलगा त्याच शहरात बांधकामावर मजुरीला जातो.

‘फादर, मग मुलांनी नोकऱ्या सोडायच्या का?’ हा प्रश्न मला ठाऊक आहे. मुळीच नाही. या पगारांतून घरांवरची कर्जे फिटली, आईवडिलांची आजारपणे निभावली, हे मी पाहिले आहे. पण त्या नोकरीचा पाया किती डळमळीत, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा तिच्या पवईच्या कचेरीतील माणसांना आपले काय होणार हे कळेनासे झाले. ज्या बाजाराला गाव नाही म्हणतात, त्याची झळ मात्र गावोगाव पोहोचते.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील रुपयांचा दाखला आम्ही प्रवचनकार अशा सत्कारांत हमखास वापरतो. त्याच अध्यायात पुढे भुकेल्या-तान्हेल्यांविषयीचा न्यायनिवाडा आहे. तेथपर्यंत आम्ही सहसा वाचत नाही, कारण जेवणाची वेळ झालेली असते!

1918 साली वसईत कॅथलिक पतपेढी निघाली. तिचीच पुढे बँक झाली. शेजाऱ्याची ठेव शेजाऱ्याच्या गरजेला, हा पतपेढीचा व्यवहार. तोच आज जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत का जाऊ नये? आपल्या शिष्यवृत्त्यांतील निम्मी रक्कम जव्हार-मोखाड्याच्या मुलांच्या वसतिगृहांना द्यावी, आणि वित्तबाजारात मुरलेल्या आपल्या तरुणांनी महिन्यातून एक शनिवार तेथील बचतगटांच्या वह्या तपासून, बँकेचे कर्ज मिळवून देण्यास द्यावा, असा ठराव मी आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे मांडला आहे. पहिल्या बैठकीत तो पुढे ढकलला गेला. नाताळात भेटलेल्या तरुणाला मी येत्या मे महिन्यात मोखाड्याला बरोबर नेणार आहे. यायला तो तयार आहे. न्यूयॉर्कहून रजा मंजूर व्हायची आहे.