खडकीच्या हॉकीला हवा ‘पहिला चेंडू’

पुणे - अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांनी १४ एप्रिल १९१० रोजी वॉशिंग्टनमध्ये बेसबॉल हंगामाचा पहिला चेंडू फेकला आणि तेथे एक परंपराच रूढ झाली. तेथे राष्ट्रप्रमुखाचा हात अनेकदा हंगामाच्या प्रारंभी लागला आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या हस्ते खेळाडूचा गौरव होतो, तो त्याने नाव कमावल्यानंतर. या दोहोंतील अंतर खडकीला चांगलेच ठाऊक आहे.

येथील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले मातीच्या मैदानावर, मोडक्या स्टिकने हॉकी शिकले. पुढे १९९२ ते २००४ या काळात ते सलग चार ऑलिंपिक खेळले. १९९८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉक एशियाडचे सुवर्णपदक जिंकले. १९९९-२००० या वर्षीचा खेलरत्न पुरस्कारही त्यांना लाभला.

मात्र, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. मातीवर घडलेल्या मुलाला तेथे चेंडूचा वेग नव्याने शिकावा लागतो. पुरस्कार ही कर्तृत्वाची पावती असते. खेळाडू घडतो तो मैदानावरच. शालेय स्पर्धांपूर्वी कृत्रिम मैदानावर नियमित सराव आणि हाती धड स्टिक मिळणे, हाच वस्तीतील मुलांसाठी खरा ‘पहिला चेंडू’ ठरेल.