युनियनच्या आधीचे संरक्षण : पुणे, १८८८

१/ सरकारी माणसाला नोकरीतून काढता येत नाही, याचे खापर हमखास युनियनवर फुटते. कालक्रम वेगळे सांगतो. कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा १९२६ चा. बड्या अधिकाऱ्याला चौकशीविना हात लागू नये ही सोय १८५० ची.

२/ १८५० च्या ३७ व्या कायद्यानुसार आरोप लेखी हवेत, त्यांची प्रत आरोपीला हवी, बचावाची संधी हवी. पण कोणाला? ज्यांना सरकारच्या मंजुरीविना दूर करता येत नसे, त्यांनाच. कारकून-चपराशी त्यात नव्हते.

३/ आर्थर क्रॉफर्ड (मुंबईच्या मंडईला नाव मिळाले तोच) पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर होता. १८८८ मध्ये त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. मामलेदारांनी साक्ष द्यावी म्हणून सरकारने त्यांना अभय दिले. त्या शब्दावर विसंबून त्यांनी पैसे दिल्याचे कबूल केले.

४/ याच कायद्याखाली आयोग पुण्यात बसला. लाचेच्या आरोपांतून क्रॉफर्ड सुटला. हाताखालच्यांकडून कर्जे घेतल्याबद्दल तेवढी नोकरी गेली. त्याचा मध्यस्थ हणमंतराव याचा खटला साध्या न्यायालयात चालला. त्याला शिक्षा झाली.

५/ आणि मामलेदार? लाच देणारे न्यायदान कसे करतात, असा गलका पार्लमेंटात झाला आणि अभय मोडून काहींना बडतर्फ केले गेले. त्यांच्या बाजूने टिळकांनी १८८९ मध्ये पुण्यात सभा भरवली. हे लाचेचे समर्थन नव्हते. साक्ष वापरून साक्षीदाराला वाऱ्यावर सोडणे, यावर तो आक्षेप होता.

६/ पुढे १९३५ च्या कायद्याचे कलम २४० आणि राज्यघटनेचे कलम ३११ यांनी बाजू मांडण्याची संधी शासनाच्या लहान नोकरालाही दिली. ३११ बडतर्फीला मनाई करत नाही. काही प्रसंगी चौकशीही टाळू देते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तुलसीराम पटेल प्रकरणी ते उचलून धरले. पोलिसांना तर १९६६ च्या कायद्याने परवानगीविना युनियनच करता येत नाही; ३११ त्यांनाही आहेच. संघटना कधी नालायकाला पाठीशी घालतात, हे खरे. पण आरोपपत्र वर्षानुवर्षे लांबवणारी सही युनियनच्या पुढाऱ्याची नसते, साहेबाची असते.

७/ पुणे महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्याला ३११ लागूच नाही. त्याला आधार सेवानियमांचा आणि युनियनचा. त्याच रस्त्यावर झाडणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला 'उद्यापासून येऊ नकोस' एवढे तोंडी सांगितले, तरी पुरते.