लिलावांतील झांकलेली किंमत

विकणाऱ्याला आपली वस्तु मोलाची वाटते आणि घेणाऱ्याला आपला पैसा. या दोघांची गांठ जेथें पडते त्या जागेस बाजार म्हणतात. हळद, गूळ, बेदाणा यांसारख्या मालाचे भाव रोजच्या उलाढालीनें ठरतात. कालचा भाव आजच्या भावास आधार देतो. परंतु जी वस्तु जगांत एकच आहे, तिचा भाव कोणत्या आधारानें ठरवावा? जुनी जीप किंवा स्कूटर घेऊन एखाद्या कारागिरानें तिला आपल्या कल्पनेप्रमाणें नवें रूप दिलें, म्हणजे तिच्या जोडीची दुसरी कोठेंहि मिळत नाहीं.

आमच्या या भागास यंत्रांचें प्रेम नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ सालीं साताऱ्यास निघाला. आणि पुढें महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या सातारा येथील कारखान्यांतून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडल्या. तसलीच एखादी जुनी गाडी आज हौशी तरुण हुडकून काढतो, घासूनपुसून, रंग देऊन, कांहीं भाग बदलून सजवितो, आणि मोबाइलवरून लिलावास लावतो. अशा लिलावांत 'राखीव किंमत' नांवाची एक अट असते. ती किंमत बोली बोलणाऱ्यांपासून झांकून ठेवावी काय, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ दिसतो. परंतु ज्या घरांतील मुलगा आपली पहिली कमाई किंवा वडिलांची शिल्लक अशा बोलीस लावतो, त्या घरास तो किरकोळ नाहीं.

राखीव किंमत म्हणजे विकणाऱ्यानें मनाशीं ठरविलेला खालचा आंकडा. बोली त्या आंकड्यापर्यंत पोंचली नाहीं, तर वस्तु देण्याचें बंधन त्याच्यावर राहत नाहीं. १९३० सालच्या माल विक्री कायद्याच्या ६४ व्या कलमानें अशी किंमत ठेवण्यास मुभा दिली आहे. लिलाव राखीव किमतीचा आहे, हें आधीं जाहीर करतां येतें. परंतु तो आंकडा किती, हें सांगण्याची सक्ति त्या कलमांत नाहीं. म्हणून कायदा काय म्हणतो एवढेंच पाहून आपलें काम भागत नाहीं. न्याय काय म्हणतो, हेंहि पाहिलें पाहिजे.

प्रथम विकणाऱ्याची बाजू पाहूं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. १९१३ सालीं ते जन्मले तेव्हां हें गांव सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. याच गांवच्या एका कारागिरानें भंगारांतील व जुन्या गाड्यांचे भाग जोडून, आपल्या मुलाच्या हौशीसाठीं एक लहानशी जीप तयार केली. मोटारसायकलीप्रमाणें ती किक मारून सुरू होते. तिला सुमारें साठ हजार रुपये खर्च आला. डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चलच्चित्र आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यांत आलें. त्यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, आणि जानेवारी २०२२ मध्यें ती त्या कुटुंबास मिळाली.

येथें लिलाव झाला नाहीं. परंतु झाला असता तर? भंगाराचा व्यापारी लोखंडाचें वजन करून बोलला असता. रस्त्यावर गाडी चालवूं पाहणारा कागदपत्रें नाहींत म्हणून हटला असता. आणि कारागिराचें कौशल्य, त्याच्या रात्रींची मेहनत, यांस कोणी कांहींच मोजलें नसतें. त्या दिवशीं जाणता ग्राहक हजर नव्हता एवढ्याच कारणानें कष्टाची वस्तु मातीमोलानें जावी, हें न्यायाचें नव्हे. कारागिराच्या श्रमास एवढें तरी कुंपण असावें, म्हणून राखीव किंमत ठेवणें योग्यच आहे असें आमचें मत आहे.

रूप बदललेल्या गाडीची किंमत आणखी एका कारणानें अवघड होते. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, परवानगीच्या कांहीं बाबी सोडल्यास, उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीच्या दाखल्याचा मेळ राहणार नाहीं असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच उचलून धरलें. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं निराळी नोंदणी काढली खरी. परंतु तींतहि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे जो बदल हौशी माणसास भूषण वाटतो, तोच नोंदणीच्या कचेरींत दूषण ठरूं शकतो. एकाच गाडीची किंमत एकास लाखाची व दुसऱ्यास शून्य वाटावी, अशी ही स्थिति आहे.

आतां घेणाऱ्याची बाजू. लिलाव आठ दिवस चालतो असें समजा. तरुण ग्राहक रोज बोली वाढवितो आणि पडद्यावर उत्तर येतें, 'राखीव किंमत अद्याप गांठली नाहीं.' ती किती दूर आहे, हें त्यास कळत नाहीं. तो आपला पैसा दुसरीकडे गुंतवीत नाहीं, दुसरी गाडी पाहत नाहीं, आणि आठव्या दिवशीं सर्वांत मोठी बोली त्याचीच असूनहि हात हालवीत परत येतो. विकणाऱ्यास मात्र फुकट कळून चुकतें कीं, हा गृहस्थ किती रकमेपर्यंत चढतो. एकानें आपले पत्ते उघडे टाकावे व दुसऱ्यानें झांकून धरावे, अशा खेळास बरोबरीचा खेळ कोण म्हणेल?

आपल्या बापजाद्यांस ही गोष्ट चांगली ठाऊक होती. पूर्वीं पुष्कळ बाजारपेठांत दलाल व खरेदीदार रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. मालाचा धनी शेतकरी शेजारीं उभा असूनहि त्यास कांहीं उमगत नसे. पुढें बाजार समित्यांच्या नियमांनीं उघड सौद्यांची रीत घातली. सांगलीच्या हळदीच्या सौद्यांत माल समोर असतो आणि बोली सर्वांच्या कानांवर पडते. रुमाल गेला, तो मोबाइलच्या पडद्याच्या रूपानें परत येऊं नये.

यावर कोणी म्हणेल, 'भाव पटला नाहीं तर शेतकरीहि माल देत नाहीं. मग त्याच्या मनांतील आंकडा झांकलेलाच नव्हे काय?' आक्षेप खरा आहे, पण दोहोंत अंतर आहे. तेथें होय किंवा नाहीं याचा निकाल समोरासमोर व तत्काळ लागतो. खरेदीदार पुढच्या ढिगाकडे वळतो. शिवाय हळदीस कालचा भाव आहे, त्यामुळें शेतकऱ्याच्या मनांतील आंकड्याचा अंदाज सर्वांस असतो. जगांत एकच असलेल्या गाडीस असा कालचा भाव नाहीं. जेथें अंदाजास आधार नाहीं, तेथेंच आंकडा सांगण्याची गरज सर्वांत अधिक.

दुसरा आक्षेप असा कीं, किंमत आधीं सांगितली तर ग्राहक बिचकतात व बोली रंगत नाहीं. क्वचित् तसें होतहि असेल. परंतु लिलावाच्या शास्त्राबद्दल २०२० सालीं पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट विल्सन या अमेरिकन पंडितांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांच्या विचारांत या शंकेचें बरेंचसें उत्तर आहे. आपण फाजील किंमत देऊन बसूं, या भीतीनें समंजस ग्राहक हात आंखडून बोलतो, असें विल्सन यांनीं दाखविलें. आणि लिलाव चालूं असतां वस्तूविषयीं माहिती जितकी अधिक उघड होते, तितकी ही भीति कमी होऊन विकणाऱ्यास सामान्यतः अधिक मिळतें, असें मिलग्रॉम यांनीं दाखविलें. तेव्हां उघडेपणा हा केवळ सद्गुण नव्हे, त्यांत बहुधा हितहि आहे.

बँकांच्या लिलावाच्या जाहिराती आपण वर्तमानपत्रांत पाहतों. थकलेल्या कर्जापायीं जप्त झालेल्या मालमत्तेचें, २००२ सालच्या नियमांप्रमाणें, मूल्यमापन करून राखीव किंमत ठरवितात, आणि ती किंमत व बयाण्याची रक्कम दोन्ही छापून प्रसिद्ध करतात. सक्तीच्या विक्रींत जें पाळतां येतें, तें खुषीच्या विक्रींत कां पाळूं नये?

पवित्र शास्त्रांत अब्राहामानें आपल्या पत्नीच्या दफनासाठीं मकपेलाची गुहा विकत घेतल्याची कथा आहे. नगराच्या वेशींत, सर्व लोकांच्या देखत, एफ्रोनानें चारशें शेकेल हा आंकडा उच्चारला आणि अब्राहामानें तितकी चांदी तोलून दिली. किंमत हलकी होती असें नव्हे. पण ती सर्वांनीं ऐकलेली होती, म्हणून त्या जागेच्या मालकीविषयीं तेथें कोणास संशय उरला नाहीं. त्याच शास्त्राच्या नीतिसूत्रांत दुसऱ्या बाजूचेंहि चित्र आहे: घेतांना वस्तूस नांवें ठेवणारा व घेऊन गेल्यावर तिची प्रौढी मिरविणारा ग्राहक. म्हणजे झांकाझांकीचा दोष एकट्या विकणाऱ्याच्या पदरीं घालून चालणार नाहीं.

तेव्हां विद्यार्थी मित्रहो, उद्यां तुम्ही गाडी विकावयास काढाल, तर राखीव किंमत अवश्य ठेवा, पण ती उघड सांगा. गाडींत काय बदललें आहे आणि नोंदणींत काय लिहिलें आहे, हेंहि सांगा. मित्राकडून खोटी बोली बोलवूं नका. अशी बनावट बोली उघडकीस आली तर विक्री रद्द करण्याचा हक्क वर सांगितलेल्या १९३० च्या कायद्यानें ग्राहकास दिला आहे. आणि तुम्ही घ्यावयास निघाल, तर आपल्या खिशाची मर्यादा आधीं कागदावर लिहा, दाखला पाहिल्याखेरीज बोली बोलूं नका, आणि लोखंडाच्या वजनानें कारागिराचे श्रम तोलूं नका. पालकांसहि विनंति आहे कीं, मुलांच्या हातीं मोबाइल देतांना या गोष्टी त्यांच्याशीं बोलाव्या. जो आंकडा आपल्यास चारचौघांत उच्चारण्याची लाज वाटत नाहीं, तोच आंकडा रास्त समजावा.