काय घडले, ते सांगा

आज १७ सप्टेंबर. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते, आणि २०१९ पासून हाच दिवस जगभर रुग्ण सुरक्षा दिन म्हणूनही पाळला जातो. योगायोग असला, तरी आज मराठवाड्यातल्याच एका बाईची आठवण काढायला हवी.

जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात ती बाळंत झाली. तीन दिवसांनी तिथेच तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप उतरेना, पोटातल्या कळा थांबेनात. १९ जुलैला दुसऱ्या सर्जनने पोट उघडले, तर आत पू झालेला आणि पहिल्या शस्त्रक्रियेत राहून गेलेला मॉप, म्हणजे रक्त टिपायचा टॉवेल. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. रुग्णालय चालवणे हे सरकारचे सार्वभौम काम, त्यातल्या चुकीची भरपाई सरकारकडे मागता येणार नाही, असेही त्यात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे खोडून काढले आणि ती रक्कम पुन्हा मंजूर केली, ती फेब्रुवारी १९९६ मध्ये. पोटात टॉवेल राहिला, यात हलगर्जी झाली हे ठरायला तेहतीस वर्षे लागली.

औरंगाबादच्या त्या शस्त्रक्रियेच्या दहा वर्षे आधीची, मे १९५३ मधली गोष्ट पुण्याची. पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाचे मांडीचे हाड मोडले. त्याला टॅक्सीने पुण्याला एका खासगी रुग्णालयात आणले. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवणारे. मुलाला मॉर्फिनचे एक इंजेक्शन दिले, पुरती भूल न देता जोर लावून हाड बसवले आणि पाय प्लास्टरमध्ये घातला. संध्याकाळी सातपर्यंत तो गुंगीतून बाहेर येईल, असे सांगितल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास मुलाला धाप लागली, नऊच्या सुमारास त्याने प्राण सोडला. आई जवळ होती. मृत्यूचे कारण म्हणून रक्तात चरबीची गुठळी गेल्याचे लिहिले गेले. वडिलांनी दावा लावला, आणि न्यायालयांनी ते कारण मानले नाही. हिसक्यांनी बसलेल्या धक्क्याने तो गेला, असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये शिक्कामोर्तब केले ते तीन हजार रुपयांच्या भरपाईवर.

तीन हजार रुपयांसाठी कोणी पंधरा वर्षे कोर्टाची पायरी चढत नाही. आपला मुलगा कशाने गेला, हे त्या बापाला वदवून घ्यायचे होते. मॉर्फिनची मात्रा किती, भूल का दिली नाही, हे विचारण्याइतके ज्ञान त्याच्याकडे होते. ज्याच्याकडे ते नाही, ज्याने संमतीपत्रावर न वाचता सही केली, ज्याला केसपेपरवरचे अक्षर लागत नाही, त्याने काय विचारायचे आणि कोणाला?

उपचार करताना वाईट घडते. निष्णातांच्या हातूनही घडते. शरीर दरवेळी सांगितल्यासारखे वागत नाही, म्हणूनच प्रत्येक मृत्यू हा गुन्हा नव्हे. डॉक्टरवर फौजदारी खटला भरायचा तर हलगर्जी ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे आणि आधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत घेतले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. ते योग्यच आहे. १९९५ मध्ये पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले, तेही योग्यच. पण या दोन्ही वाटा पुढे कधीतरी न्यायालयात पोहोचतात. ज्या रात्री माणूस जातो, त्या रात्री वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या घरच्यांना कायदा काहीच देत नाही. मोठे डॉक्टर दिसेनासे होतात, निवासी डॉक्टर म्हणतो सरांना विचारा, आणि बिलाच्या खिडकीवरचा माणूस आधी बाकी भरा म्हणतो. मग काचा फुटतात, आणि मार खातो तो छत्तीस तास ड्युटीवर असलेला तरुण. डॉक्टरवर हात उचलणे सर्वथा निंद्य आहे. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि तो कठोरपणे लागू व्हावा. पण पोलीस बंदोबस्ताने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, जो विचारायला ती माणसे आली होती.

चुका टाळायचे उपाय माहीत नाहीत, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियांसाठी एका पानाची तपासणी यादी काढली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, रुग्णाला बाहेर नेण्याआधी मॉप आणि सुया मोजल्या ना, असे एकोणीस मुद्दे मोठ्याने विचारायचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. आपल्याकडे ती अनेक ठिकाणी फाइलला लागते, पण शस्त्रक्रिया आटोपल्यावर एकदम भरून. एका सिस्टरने दोन टेबले सांभाळायची असतील, तर मोजणार कोण? दोष एकट्या सर्जनवर टाकला की व्यवस्थापन आणि सरकार दोघेही सुटतात. औरंगाबादच्या निकालात न्यायालयाने सरकारला सुटू दिले नाही, ही त्या निकालाची मोठी गोष्ट.

मागितल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, असे डॉक्टरांची २००२ ची आचारसंहिता सांगते. घरच्यांनी मागण्याची वाट का पाहायची? मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत झाली, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरने घरच्यांना बसवून, मराठीत, काय झाले ते सांगावे. केसपेपरची प्रत तेव्हाच हातात द्यावी. आणि मातामृत्यूंचे होते तसे शस्त्रक्रियेनंतरच्या प्रत्येक मृत्यूचे बाहेरच्या तज्ज्ञांकडून अन्वेषण व्हावे. बोललो तर तेच कोर्टात आपल्यावर उलटेल, ही डॉक्टरांची भीती खरी आहे, तिचाही बंदोबस्त करता येतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २००२ च्या कायद्यात, व्यक्त केलेली दिलगिरी ही दोषाची कबुली धरली जाणार नाही, असे लिहूनच ठेवले. असे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळात येत्या हिवाळी अधिवेशनात मांडावे, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी ते स्वतःहून मागावे.