तिखट आपले, बाटली बाहेरची

कारंजा (घाडगे) हे गाडी थांबवून काहीतरी खाण्याचे गाव. नागपूरहून अमरावतीला जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, ज्याला आता ५३ म्हणतात, तो येथून जातो. चहा, आलुबोंडा, तर्री-पोहे आणि ढाब्यावरचे मटण ही येथली जुनी ओळख. त्यात आता चायनीजची भर पडली आहे. नुकत्याच उघडलेल्या अशाच एका हॉटेलात परवा आम्ही चार मित्र जेवायला गेलो.

पाटीवर ड्रॅगन, आत लाल कंदील, समोरच भट्टी. चिकन मंचुरियन, शेजवान राईस आणि हक्का नूडल्स मागवले. आमच्यापैकी दोघे सावजीचा रस्सा सहज पचवणारे, पण शेजवान राईसच्या तिसऱ्या घासाला त्यांचेही नाक वाहू लागले. चव चांगली होती, ही गोष्ट आधीच सांगून टाकतो. पोरगा मेहनती आहे. नागपुरात काही वर्षे दुसऱ्याच्या भट्टीवर काम करून गावी परतला आहे. कोंबडी गावातल्याच खाटिकाकडून हलाल केलेली येते, त्यामुळे तो प्रश्न एका वाक्यात मिटला. मात्र जेवणानंतर साबणाने हात धुतले तरी बोटे लालच राहिली.

आम्ही विचारले, “बेटा, हे तिखट कुठले?”

“चाचा, सॉस नागपूरहून आणतो, तयार बाटली. आणि थोडा रंग.”

आमचे म्हणणे याच बाटलीबद्दल आणि याच रंगाबद्दल आहे.

ज्याला आपण चायनीज म्हणतो ते चीनमधून आलेलेच नाही. मंचुरियनचा जन्म मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणला आणि त्यात कोंबडी सोडली, असे सांगितले जाते. ‘शेजवान’ हा शब्द सिचुआन प्रांताच्या नावावरून आला. पण तेथले तिखट जीभ बधिर करणारे असते, कारण त्यात आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या जातीचे एक फळ पडते. आपल्या शेजवानमध्ये असते लाल मिरची आणि लसूण. म्हणजे हा पदार्थ मुळात आपल्याच घरचा. मग तो बाटलीत भरून बाहेरून का आणावा?

भिवापूरची मिरची नागपूर जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली. ती तिखटाला पुरेशी आहे. रंग हवा असेल तर कर्नाटकातली ब्याडगी मिरची घ्यावी. ती तिखटाला कमी आणि रंगाला गडद असते. दोन्ही मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटायच्या, भरपूर लसूण-आले तेलात परतून त्यात हे वाटण तेल सुटेपर्यंत शिजवायचे, शेवटी मीठ, थोडी साखर, व्हिनेगर. आपल्या घरातल्या बायका ठेचा आणि लोणची करतात, त्यांना हे काम अवघड नाही. बाटलीमागे जाणारा पैसा मिरचीवाल्याकडे आणि वाटणाऱ्या हाताकडे जाईल.

रंगाची गोष्ट वेगळी आहे, तेथे कायदा येतो. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले होते. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गाड्यांवरच्या गोबी मंचुरियनवरच बंदी आणली. चुटकीभर रंगापायी सगळ्यांचाच धंदा बसला, प्रामाणिकपणे करणाऱ्यांचाही. आपल्याकडे तपासणीस येण्याची वाट कशाला पाहायची?

खुद्द चीनमध्ये मुसलमानांनी हा धंदा कसा केला तेही पाहण्यासारखे आहे. छिंगहाई प्रांतातल्या हुआलोंग या डोंगराळ, गरीब भागातील हुई आणि सालार मुसलमान गावे सोडून निघाले आणि चीनच्या शहराशहरांत हाताने ओढलेल्या नूडल्सची छोटी हलाल दुकाने काढून बसले. पाटीवर नाव लांझोउचे असते. एकाने दुकान काढायचे, भाच्या-पुतण्यांना हाताखाली घेऊन शिकवायचे, मग त्यांनी दुसऱ्या शहरात जायचे. नूडल्स गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर ओढतात. वाटीवर लाल मिरचीचे तेल घालतात. पोट भरण्यासाठी निघालेली ही माणसे, पण हातातली कला त्यांनी कोणाच्या बाटलीकडे सोपवली नाही. आमच्याकडचा पोरगा मात्र भट्टी चालवायला शिकतो, आणि चव बाजारातून आणतो. उद्या शेजारी दुसऱ्याने हॉटेल काढले तर त्याच्याकडेही तीच बाटली, तीच चव. मग उरते ती फक्त दर पाडण्याची स्पर्धा.

कारंज्यात याचा विचार अधिक करायला हवा. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना दुसरा रस्ता मिळाला. वाटसरू एकदाच येतो. गावातला माणूस, तालुक्याच्या कामाला येणारा शेतकरी, कॉलेजची पोरे महिन्यातून चारदा येतात, आणि पोट बिघडले तर चौकात सांगतात.

जाता जाता आणखी एक. हा संत्र्याचा मुलूख. तरी टेबलावर थंड पेयांच्या बाटल्या होत्या आणि संत्र्याचा रस मागितला तर पोरगा हसला.

निघताना त्याच्याशी बोलणे झाले. एका भांड्यात घरची चटणी करून पाहतो, म्हणाला. आईला विचारतो, असेही म्हणाला. भाव तोच ठेवणार का, असे विचारले तेव्हा तो भट्टीकडे वळला, कारण दुसऱ्या टेबलावरून नूडल्सची ऑर्डर आली होती.