हायड्रोजनची मोटार अडते कोठे?

केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी टोयोटा कंपनीच्या ‘मिराई’ मोटारीतून संसदेत आले, तेव्हा हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीचे दर्शन अनेकांना प्रथमच घडले. मिराई या जपानी शब्दाचा अर्थ भवितव्य. या मोटारीत हायड्रोजन जळत नाही. इंधनघटात त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वीज निर्माण होते आणि मागच्या नळीतून केवळ पाणी ठिबकते. विल्यम ग्रोव्ह याने हे तत्त्व १८३९ मध्येच दाखवून दिले होते. तेव्हा दोष तत्त्वात शोधण्याचे कारण नाही. हायड्रोजन येतो कोठून आणि मिळतो कोठे, हे दोन व्यावहारिक प्रश्न मात्र सुटलेले नाहीत.

कॅलिफोर्नियाने त्यांची उत्तरे स्वखर्चाने शोधून ठेवली आहेत. गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २००४ मध्ये ‘हायड्रोजन महामार्गा’ची घोषणा केली, २०१० पर्यंत राज्यभर पंपांचे जाळे विणले जावयाचे होते. ते विणले गेले नाही. पुढे सरकारी अनुदानावर काही डझन पंप उभे राहिले आणि त्यांच्या भरवशावर हजारो ग्राहकांनी मोटारी घेतल्या. परंतु २०२३ मध्ये अनेक पंपांवर हायड्रोजनचा भाव किलोला ३६ डॉलरपर्यंत चढला. मिराईच्या टाकीत साडेपाच किलोंच्या आसपास हायड्रोजन मावतो. म्हणजे एकदा टाकी भरण्यास सुमारे दोनशे डॉलर! फेब्रुवारी २०२४ मध्ये तर शेल कंपनीने मोटारींसाठीचे तेथील आपले सर्व पंप कायमचे बंद केले. बॅटरीच्या मोटारीचा मालक निदान घरची वीज वापरू शकतो. हायड्रोजनवाल्याला ती सोय नाही. पंप बंद म्हणजे मोटार दारात उभी.

पंपांची उणीव पैशाने भरून निघेल असे मानले, तरी ऊर्जेचा हिशेब उरतोच. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून तयार होतो. कार्बन डायऑक्साइड मोटारीच्या नळीऐवजी कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडतो, इतकाच फरक. पाण्याचे विद्युत अपघटन करून तो मिळवावा, तर किलोमागे ५० युनिटांहून अधिक वीज खर्ची पडते, मग तो सुमारे सातशे वातावरणांच्या दाबाने टाकीत कोंबावा लागतो आणि अखेरीस मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. तीच वीज बॅटरीत भरली, तर दोन तृतीयांशांहून अधिक कामी येते. दरमहा विजेचे बिल भरणाऱ्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. मार्च २०२५ मध्ये वाहतुकीच्या पाच प्रायोगिक प्रकल्पांत ३७ वाहने व ९ पंप यांना मान्यता मिळाली. त्यांत पुणे–मुंबई मार्गही आहे. ही वाहने बस आणि ट्रक आहेत, खासगी मोटारी नाहीत, ही निवड शहाणपणाची म्हटली पाहिजे. अवजड ट्रकला बॅटरीचे वजन जड जाते आणि ठरलेल्या मार्गाला थोडे पंप पुरतात. खत कारखाने व तेलशुद्धीकरण प्रकल्प तर हायड्रोजन आधीपासूनच वापरतात आणि तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून येतो. पहिला हक्क त्यांचा.

तथापि मोटारींसाठीही सवलती द्या, अशी मागणी पुढे येणारच. तत्पूर्वी पुणे–मुंबई मार्गावर किलोमागे किती वीज, किती पाणी व किती रुपये लागले आणि पंप किती दिवस बंद राहिले, याचा हिशेब सरकारने दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावा.