शेपटाचे पाणी आणि शेवटचा बाक

शिकवले म्हणजे मुले शिकली, ही आपल्या शाळांची जुनी श्रद्धा. तिला छेद देण्यासाठी महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाद्वारे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. शिक्षणहक्क कायद्याने ते बंधनकारकच केले होते. मूळ कल्पनेत वावगे काही नव्हते. वर्षअखेरीच्या एका परीक्षेवर विसंबण्यापेक्षा शिकवता शिकवताच मुलाला काय उमगले ते पाहावे, एवढेच तिचे म्हणणे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सुचवली गेली. पहिली-दुसरीत या आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार होता, सातवी-आठवीत ४०.

मग या कल्पनेची नोंदवही झाली. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद हवी म्हटल्यावर तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पुढे त्यांच्या फाइली भ्रमणध्वनीवरून फिरू लागल्या. ‘उपक्रमात आवडीने सहभागी होतो’, ‘आपले मत निर्भीडपणे मांडतो’ अशी वाक्ये हजेरीपटाच्या क्रमाने वाटून दिली की काम संपले. मुलाला पाहण्यापूर्वीच त्याचे निरीक्षण लिहून तयार! शिक्षकांना यासाठी आळशी ठरवणे सोपे आहे. पण चाळीस मुले, अनेक विषय आणि दोन सत्रे यांचा गुणाकार ज्याने केला नाही, त्याने ही व्यवस्था आखली, हे अधिक खरे.

माझा आक्षेप मात्र कामाच्या बोज्यावर नाही, दिशेवर आहे. ही नोंद वर जाते. ती केंद्रप्रमुखांना दाखवायची असते, विस्तार अधिकाऱ्यांना दाखवायची असते. उद्याच्या तासात फळ्यावर काय लिहावे, हे ती शिक्षकाला सांगत नाही. ज्या तपासणीने उद्याचा तास बदलत नाही, तिला आकारिक म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

मोजणी कोठे आणि कोणासाठी करावी, या प्रश्नाचे फार सोपे उत्तर नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या शेतकऱ्यांनी दिले आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडे ही जमीन. धरणात साठा आहे, कालवा आहे, कागदोपत्री सिंचनक्षेत्रही आहे. शेवटच्या शेतात पाणी मात्र नाही, अशी अवस्था होती. बापूसाहेब उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी येथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी घनमापनाने मोजून घ्यायचे आणि वाटप स्वतः करायचे, ही त्यांची रीत. पुढे सबंध वाघाड प्रकल्पाचेच व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. धरणातून किती सोडले, हा खात्याचा आकडा. आमच्या चारीवर किती पोचले, हा शेतकऱ्याचा. आणि मोजणाऱ्याच्या हातीच दार उघडण्या-मिटण्याचा अधिकार असल्यामुळे त्या मोजणीला अर्थ आला.

शाळेत आपण अद्याप धरणावरच मोजतो आहोत. किती पाठ शिकवून झाले, किती नोंदी भरल्या. शेवटच्या बाकावर काय पोचले?

ते पाहायला यंत्रणा लागत नाही. वजाबाकी घ्या: ४०२ वजा १७५. सर्वांनी पाटीवर उत्तर लिहायचे आणि खूण होताच पाट्या एकदम उंचावायच्या. एका नजरेत शिक्षकाला दिसते की सात-आठ पाट्यांवर ३७३ आहे. हे उत्तर निष्काळजीपणाचे नव्हे. या मुलांनी नियमच बनवला आहे: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली. चारातून एक, सातातून शून्य, पाचातून दोन. उत्तरपत्रिकेत या मुलाला शून्य मिळते, आणि ज्याने कोरी जागा सोडली त्यालाही शून्यच. दोघांची गरज सर्वस्वी वेगळी आहे, हे गुण सांगत नाहीत. पाटी सांगते, आणि तास चालू असतानाच सांगते. हात वर करणाऱ्यालाच विचारण्याची आपली सवय तर कालव्याच्या मुखाशी उभे राहून पाणी पाहण्यासारखी आहे. वाचनाचेही तेच. धड्यातला उतारा मूल घडाघडा वाचते, कारण तो कानांनी पाठ झालेला असतो. न पाहिलेल्या चार ओळी द्याव्यात आणि काय वाचले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून या पट्ट्यात कामाला येणाऱ्या कुटुंबांतले मूल ते घरच्या बोलीत सांगेल. सांगू द्यावे. तपासायची आहे ती समज, प्रमाणभाषा नव्हे.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी नेमकी अशीच साधी आहे. एक कागद, अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. मुलाजवळ बसून वाचायला सांगायचे. देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८ आणि २०२४ मध्ये ४८.८. घरी येणारा स्वयंसेवक काही मिनिटांत जे ओळखतो, ते पाच वर्षांच्या शाळेतील कागदपत्रांतून दिसू नये?

यावर एक प्रतिवाद हटकून येतो: नोंद नको म्हणजे उत्तरदायित्व नको. विमानाच्या कारखान्यात प्रत्येक सुट्या भागाची नोंद असतेच ना? उदाहरण ओझरला साजेसे आहे, कारण मिग विमानांचा कारखाना येथे १९६४ पासून आहे. पण तेथील कागद भागाबरोबर चालतो, आणि भाग सदोष निघाला तर तो पुढे जोडला जात नाही. शाळेत कागद वर जातो आणि मूल, दोषासकट, पुढच्या इयत्तेत जाते.

आता २०२३ पासून महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली आहे; नापास झालेल्याला फेरपरीक्षा, तीतही न जमल्यास त्याच वर्गात. मुलांना काही येत नाही, म्हणून हे स्वागतार्ह, असे पुष्कळांना वाटते. येत नाही हे पाचवीच्या अखेरीस कळणे हाच तर अपराध आहे. ‘३७३’ लिहिणारे मूल तिसरीतच सापडायला हवे होते, आणि त्यासाठी परीक्षा लागत नव्हती. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले होते की नुसता शेरा मिळालेली मुले सुधारतात. शेऱ्याबरोबर गुणही दिले की शेऱ्याचा लाभ नाहीसा होतो. तरीही आपली सारी चर्चा गुण हवेत की श्रेणी हवी, याच रिंगणात फिरते.

निफाड तालुक्यातल्या एखाद्या केंद्रात तरी दोन सत्रे वर्णनात्मक नोंदी पूर्णपणे बंद ठेवाव्यात. भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्याने फाइल मागू नये. शिक्षकाला एवढेच विचारावे की गेल्या आठवड्यात तुम्ही कोणता घटक पुन्हा शिकवलात, आणि तो पुन्हा शिकवावा लागेल हे तुम्हाला कोणत्या मुलाच्या कोणत्या उत्तरावरून कळले?